एकतीस नंबरची बाटली

धारवाल्यांच्या तीन रक्तवाहिन्या बंद आहेत, छाती उघडावी लागेल, असं मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा काकूंनी विचारलं होतं, जेवणाच्या आधी की नंतर. डॉक्टरांनी चष्म्यावरून बघितलं. लेकीनं टेबलाखालून कोपर मारलं. काकूंना खरं तर काहीच विचारायचं नव्हतं, तोंड आपलं सवयीनं चाललं. त्या दिवसापासून त्यांच्या आत सगळं थिजल्यासारखं झालं होतं. पोटात गोळा येईल म्हणून वाट बघितली, तो आला नाही. डोळे कोरडे ठाक. दोन चादरी, एक थर्मास आणि नवऱ्याची कवळी ठेवायची डबी पिशवीत भरून त्या हॉस्पिटलात येऊन बसल्या, त्या अशा की कोणा लांबच्या माणसाला भेटायला आल्यात आणि आता उठून जातील.

धारवाले म्हणजे त्यांचे मालक. चाळीस वर्षं कात्र्या-सुऱ्यांना धार लावून देत होते. शिंपी, न्हावी, खाटीक, पुस्तकं बांधणारे, सगळे त्यांचे गिऱ्हाईक. दुकान एवढंसं. एक फिरता दगड, पाण्याचं भांडं, आणि भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या कात्र्या, प्रत्येकीच्या कडीत नंबराची चिठ्ठी. दगडावर ते बसायचे, चिठ्ठ्या काकू बांधायच्या. काकूंची शाळा तिसरीत सुटलेली, अक्षराशी वाकडं. पण आकड्याला पक्क्या. चाळीस वर्षांत एका शिंप्याची कात्री दुसऱ्याच्या हातात गेली नाही, हा त्यांचा तोरा होता आणि तो त्या चारचौघांत मिरवायच्या.

वॉर्डात आल्या आल्या धारवाल्यांनी मोठ्या डॉक्टरांना विचारलं की तुमच्या कात्र्यांना धार कोण लावतं. डॉक्टर म्हणाले, आमच्या बाहेर जातात, कंपनी करते. धारवाल्यांचा चेहरा पडला. डॉक्टर गेल्यावर म्हणाले, "आधी मला दाखवल्या असत्या तर बरं झालं असतं. निदान बघून तरी गेलो असतो."

शेजारच्या खाटेवर निवृत्त पोस्टमन होते. त्यांचंही तेच, छाती उघडायची. गुडघे गेलेले, पण आवाज खणखणीत. समोरच्या खाटांवरच्या माणसांची नावं पत्ता वाचल्यासारखी घ्यायचे. त्यांच्या बायकोला काकू वहिनी म्हणायला लागल्या. वहिनी गोऱ्या, ठेंगण्या, आणि बोलायला लागल्या की नळ उघडा राहिल्यासारख्या. एरवी काकूंनी अशा बाईला दोन वाक्यांत वाटेला लावलं असतं. इथे मात्र त्यांना ते बोलणं बरं वाटायचं. पंखा चालू असला की बरं वाटतं, तसं. वहिनी चहा आणायच्या तो दोघींचा आणायच्या. काकूंच्या खुर्चीचा पाय डुगडुगत होता, त्याखाली वहिनींनी स्वतःच्या पिशवीतला पुठ्ठा दुमडून घातला.

दुसऱ्या दिवशी गोळ्यांची डॉक्टर आली. तिचं काम वेगळं होतं. ती छाती उघडत नव्हती, अभ्यास करत होती. पोरसवदा, केस बांधलेले, हातात कागदांची चळत. स्टूल ओढून धारवाल्यांजवळ बसली आणि घाई न करता समजावून सांगायला लागली. ऑपरेशनच्या वेळी हृदय थांबवतात, रक्त मशीनमधून फिरवतात. काम झालं की रक्त परत हृदयात सोडतात. उपाशी माणसासमोर एकदम ताट आलं की तो जसा तुटून पडतो, तसा प्राणवायू तिथे घुसतो, आणि त्या धांदलीत काही कण मोकाट सुटतात. ते दिसेल त्याला चावतात. चिरून ठेवलेलं सफरचंद जसं तांबूस पडतं तसं काहीसं आत होतं.

"म्हणजे गंज," धारवाले म्हणाले.

डॉक्टर हसली. जवळपास तसंच, म्हणाली.

"मग तेल लावा."

त्या तेलाचाच अभ्यास चाललाय, असं ती म्हणाली. अँटिऑक्सिडंट म्हणतात त्याला. लिंबात असतं ते व्हिटॅमिन सी, ते ऑपरेशनच्या आधी पाच दिवस भरपूर दिलं तर हा गंज कमी चढतो का, नंतर हृदयाचे ठोके बिघडतात ते कमी बिघडतात का, ते बघायचं होतं. दोनशे माणसं घेणार. शंभरांना टोपणाच्या गोळीत खरं औषध, शंभरांना नुसती पांढरी पूड. दिसायला दोन्ही सारख्या. कोणाला काय मिळालं ते ना माणसाला कळणार, ना सिस्टरला, ना तिला. बाटलीवर फक्त नंबर.

काकूंनी विचारलं की डॉक्टर असून तुम्हाला माहीत नाही, मग तुम्ही शिकलात काय. डॉक्टर रागावली नाही. मला कळलं तर माझी नजर बदलेल, म्हणाली, म्हणून कळूच द्यायचं नाही. मग काकूंनी दुसरी गोष्ट विचारली. थांबवलेलं हृदय परत चालू कोण करतं?

"बहुतेक वेळा ते आपलं आपण चालू होतं, काकू."

काकूंनी मान हलवली. बहुतेक वेळा, हे दोन शब्द त्यांनी ऐकले आणि पदरात बांधून ठेवले.

धारवाल्यांनी सही केली. जन्मात कोणी त्यांना असं स्टुलावर बसून विचारलं नव्हतं. दोनशे माणसांत आपण एक, आपल्यामुळे पुढच्यांना कळणार, याचं त्यांना कोण अप्रूप. त्यांना एकतीस नंबरची बाटली मिळाली, पोस्टमनना चौतीस. सकाळी एक, संध्याकाळी एक. सिस्टर रोज उरलेल्या मोजून जायची.

धारवाल्यांच्या आठ उरल्या होत्या त्या दिवशीची गोष्ट. दुपारी दोघांही पुरुषांना चाकाच्या खुर्चीतून खाली तपासणीला नेलं. वहिनी चहा आणायला निघाल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "जरा बघा हं आमच्या सामानाकडे, कपाटाचा कडी-कोयंडा धड नाहीये."

काकू बसून होत्या. समोर छोट्या कपाटावर एकतीस नंबर. त्यांनी तो उघडला, एक गोळी काढली, आणि मिरचीचं देठ काढावं तशी तिची दोन टोपणं अलग केली. आयुष्यभर त्यांनी दूध, तेल, औषध, सगळं आधी जिभेला लावून बघितलं होतं. लिंबातलं औषध म्हणजे ते आंबट असणार, यात त्यांना शंका नव्हती. जिभेच्या टोकावर पूड ठेवली. मचूळ. किंचित गोडसर. पुन्हा ठेवली. पुन्हा तसंच.

त्यांनी टोपण बसवलं, गोळी बाटलीत टाकली, उठल्या, वहिनींच्या कपाटातून चौतीस नंबर काढला आणि त्यातली एक उघडली. पूड लावताच जीभ आकसली, कानाखाली कळ गेली.

नंतर त्यांनी जे केलं ते करताना हात कापले नाहीत. छाती धडधडली नाही. दुकानात गिऱ्हाईक समोर उभं असताना चिठ्ठी बांधावी तसं केलं. पोस्टमनच्या दहाच्या दहा होत्या, त्यांचं ऑपरेशन एक दिवस मागे म्हणून पहिली गोळी त्या संध्याकाळी होती. काकूंनी त्यातल्या आठ काढल्या, एकतीस नंबरमध्ये भरल्या, आणि एकतीसमधल्या आठ चौतीसमध्ये. मोजदाद जिथल्या तिथे. दोन आंबट पोस्टमनकडेच राहिल्या. तेवढ्या राहू दे, असं त्यांच्या मनात आलं. उपकार केल्यासारखं आलं.

वहिनी चहा घेऊन आल्या. साखर जास्त झाली का, त्यांनी विचारलं. बरोबर आहे, म्हणाल्या काकू.

धारवाल्यांचं ऑपरेशन गुरुवारी झालं, पोस्टमनचं शुक्रवारी. गुरुवारी काकू बाहेरच्या बाकावर सहा तास बसल्या आणि समोरच्या फरशा मोजल्या. वहिनी शेजारी बसून राहिल्या, त्यांचा हात हातात घेऊन. हात कोणाचा आहे हे काकूंना कळत होतं, आपलाच आहे असं वाटत नव्हतं. दार उघडून कोणीतरी सांगितलं की झालं, छान झालं, आपलं आपण चालू झालं. लेक रडली. काकूंनी तिला रुमाल दिला आणि नाक पूस म्हणाल्या.

शुक्रवारी काकू वहिनींजवळ बसल्या.

धारवाले दोन दिवसांत वॉर्डात परत आले, छातीवर पट्टी, आवाज बसलेला, पण तक्रारी जागेवर. चहा पाणचट, उशी दगडासारखी, आणि समोरच्याचा खोकला ऐकून माझे टाके दुखतात. काकूंनी त्यांना मऊ भात भरवला. पोस्टमन परत आले नाहीत. दुसऱ्याच दिवशी त्यांचे ठोके बिघडले. कधी पळतायत, कधी अडखळतायत. मग रक्तदाब खाली गेला, फुप्फुसात पाणी साठलं. आयसीयूतल्या डॉक्टरांनी वहिनींना सांगितलं की हे तीन-चारांत एकाला होतंच, औषधं चालू आहेत, बघू. वहिनींनी येऊन हे काकूंना सांगितलं आणि नंतर काहीच बोलल्या नाहीत. नळ बंद झाला. पोस्टमनच्या रिकाम्या खाटेवर चादर ताणून घातलेली होती आणि त्या तिच्या कडेला बसायच्या, बसल्यानं सुरकुती पडली की उठून ती सारखी करायच्या.

काकूंना वाटलं, आता तरी आपल्या काळजात काहीतरी हलेल. त्यांनी मुद्दाम ते पोस्टमनचं तोंड डोळ्यांसमोर आणलं. आत काही नव्हतं. भूक लागली होती, ती जाणवत होती.

मंगळवारी सकाळी गोळ्यांची डॉक्टर कागद घेऊन आली. दोन्ही रिकाम्या बाटल्या तिनं गोळा केल्या. धारवाले तिचीच वाट बघत होते. म्हणाले, लिहून घ्या, एकतीस नंबर, गंज नाही. ती हसली, ठोके मोजणाऱ्या यंत्राच्या पट्ट्या बघितल्या, आणि एकतीसच्या रकान्यात लिहिलं. काकूंना अक्षर लागत नव्हतं, आकडा लागत होता. त्याखाली दोन ओळी सोडून चौतीस होता. तिथेही तिनं काहीतरी लिहिलं, जास्त लांब, आणि शेवटी फुली केली.

तेव्हा काकूंच्या लक्षात आलं. त्यांना वाटलं होतं आपण दोन बाटल्या बदलल्या. कागदावर मात्र सगळंच उलटं झालं होतं. ज्याला पूड होती तो ठणठणीत, ज्याला औषध होतं तो पडला, असं तिथे चाललं होतं. ही पोर दोनशे माणसं जमवून शेवटी बेरीज करील, आणि त्या बेरजेत काकूंच्या बोटांचा खोटेपणा असेल. उद्या कोणा तिऱ्हाइताच्या छातीपाशी त्याच कागदावरून ठरेल की द्यायचं का नाही. बोथट कात्री धार लावली म्हणून परत देणारी माणसं त्यांना माहीत होती. त्यांच्या दुकानावरून जाताना त्या थुंकायच्या.

डॉक्टर निघाली तशा त्या तिच्या मागे गेल्या. जिन्याजवळ, जिथे तुटक्या खुर्च्या रचून ठेवल्या होत्या, तिथे तिला थांबवलं आणि सगळं सांगितलं. दुपार कोणती, गोळ्या किती, कुठली चव कशी. रडून नाही, रंगवून नाही. वाण्याला यादी सांगावी तसं.

डॉक्टर त्यातल्याच एका खुर्चीवर बसली. बराच वेळ तिनं पेनचं टोपण लावलं, काढलं, लावलं.

"कोणत्या बाटलीत काय होतं, ते तुम्ही मला सांगितलंत," ती म्हणाली. "ते मला कळायला नको होतं."

"मला वाटलं सांगायला उशीर झाला, तर तुम्ही म्हणताय मुळात नको होतं."

"सांगायला हवंच होतं. दोन्ही आहे, काकू."

तिनं समजावलं की आता वर कळवावं लागेल. दोन्ही नंबर मोजणीतून जातील. आणि पोस्टमनच्या घरच्यांना सांगणं भाग आहे. तो त्यांचा हक्क. ती सांगेल, किंवा काकू.

काकूंनी विचारलं, "त्यांचं माझ्यामुळे झालं का?"

"माहीत नाही."

"तुमच्या मनाला काय वाटतं ते सांगा."

"मनाला वाटून चालत नाही. ते औषध उपयोगी आहे का, हेच कोणाला नक्की माहीत नाही. एखाद्या वेळी काहीच करत नसेल. एक बरा झाला, एक बिघडला, त्यावरून काही ठरत नाही. ठरत असतं तर दोनशे माणसं कशाला घेतली असती?"

"म्हणजे फाशी पण नाही आणि सुटका पण नाही."

डॉक्टरनं पेन खिशाला लावलं. काकू म्हणाल्या, मी सांगते त्यांना. तुम्ही लिहायचं ते लिहा.

आधी त्यांनी धारवाल्यांना सांगितलं. ते ऐकत होते तोवर भाताचा घास हातातच राहिला. काकूंना वाटलं, ते पोस्टमनबद्दल विचारतील. त्यांनी विचारलं की माझा नंबर काढून टाकला का. हो, म्हणाल्या. त्यांनी घास परत ताटात ठेवला.

"चाळीस वर्षं चिठ्ठ्या बांधल्यास," ते म्हणाले. मग तोंड भिंतीकडे केलं. छातीवर टाके होते, कुशीवर वळता येत नव्हतं, म्हणून फक्त मान वळवली.

वहिनी आयसीयूबाहेरच्या बाकावर होत्या. आत जायची वेळ व्हायला दहा मिनिटं बाकी होती. काकू त्यांच्या शेजारी बसल्या आणि बोलायला लागल्या. वहिनींनी मध्ये एकदाही तोडलं नाही. त्यांच्या मांडीवर नवऱ्याचा स्वेटर होता, त्याचं एक बटण लावत, एक काढत त्या ऐकत होत्या. सांगून संपलं. काकू वाट बघत बसल्या. कानाखाली बसेल, झिंज्या धरतील, निदान शिव्या तरी घालतील. त्यासाठी त्यांनी मान थोडी खाली केली होती.

"मी चहा आणायला गेले होते तेव्हा," वहिनी म्हणाल्या.

"हो."

"तुमच्यासाठीही आणला होता."

"हो."

आतून सिस्टरनं दार उघडून पोस्टमनच्या खाटेचा नंबर पुकारला. एकाच माणसाला सोडत. वहिनी उठल्या नाहीत. त्यांनी स्वेटरची घडी घातली.

"तुम्ही जा. त्यांच्या गोळ्या होत्या, माझ्या नव्हत्या. त्यांना सांगा."

काकू म्हणाल्या, आत्ता त्यांना त्रास होईल.

"त्यांनी तीस वर्षं लोकांच्या दारात बऱ्या-वाईट बातम्या पोचवल्यात," वहिनी म्हणाल्या. "एक त्यांनाही पोचू दे."

सिस्टरनं काकूंना हिरवा गाऊन दिला, मागून नाड्या बांधणारा. टोपी दिली. हात धुवायला लावले. आत थंडगार होतं आणि सगळीकडे बारीक आवाज चालले होते. पोस्टमन पडून होते, तोंडावर प्राणवायूचा मास्क, गळ्यातून, मनगटातून नळ्या, आणि डोक्यावरच्या पडद्यावर हिरवी रेघ. ती रेघ धावायची, मग थबकायची, मग दोन पावलं एकदम टाकायची. काकूंना आकडे लागत होते. एकशे अठरा. एकशे एकतीस. नव्वद.

पोस्टमननी डोळे उघडले आणि काकूंना ओळखलं. बायको का नाही आली, असं त्या डोळ्यांत होतं.

काकूंनी तिसऱ्यांदा सांगितलं. वाक्यं तीच. आवाज तोच. मध्येच त्यांना कळलं की आपण त्यांच्या पायाकडे बघून बोलतोय, म्हणून त्यांनी नजर उचलून तोंडाकडे नेली आणि पुढचं तिथे बघून सांगितलं. दोन आंबट तुमच्यात ठेवल्या होत्या, हेही सांगितलं, आणि सांगितल्यावर वाटलं की हे सांगायला नको होतं.

पोस्टमननी मास्कच्या आत ओठ हलवले. काकू वाकल्या.

"धारवाले?" त्यांनी विचारलं. एवढ्याला त्यांना दोन श्वास लागले.

"बरे आहेत," काकू म्हणाल्या. "आज जेवले नाहीत."

पोस्टमननी डोळे मिटले. रागानं मिटले, थकून मिटले, का आणखी कशानं, ते चेहऱ्यावर दिसत नव्हतं. पडद्यावर एकशे चोवीस होतं, मग एकशे सहा. काकू उभ्या राहिल्या. सिस्टर म्हणाली, वेळ संपली.

बाहेरच्या छोट्या खोलीत गाऊन काढून ठेवायचा होता. नाडीची गाठ मागे पाठीवर, सिस्टरनं घट्ट बांधलेली. काकूंची बोटं तिथवर पोचत होती, गाठ सुटत नव्हती. चाळीस वर्षं चिठ्ठ्या बांधून सोडणारी बोटं, ती नुसतीच कापडावरून फिरत राहिली. डावी वर, उजवी खाली. मग त्यांनी सोडून दिलं आणि तशाच भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

मागे दार उघडलं. वहिनी होत्या. विनंती करून त्यांनी पाच मिनिटं मिळवली होती. खुंटीवर दुसरा गाऊन नव्हता. त्या काकूंच्या पाठीमागे आल्या, गाठीत नख घातलं, ओढलं, पुन्हा घातलं. एक सुटली. मानेजवळची दुसरी घामानं ओली झाली होती, तिला वेळ लागला. गाऊन खांद्यावरून निघाला तसा वहिनींनी तो झटकला, स्वतःच्या अंगात घातला आणि काकूंकडे पाठ केली.

काकूंनी नाड्या हातात घेतल्या आणि बांधल्या. सैल बांधल्या, सहज सुटतील अशा. वहिनी आत गेल्या.